रोज सकाळचे सहा आकडे : आमचा मेल सर्व्हर ब्लॉकलिस्टमध्ये गेला त्यानंतरचे साडेतीन महिने

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात स्टोअर आणि परचेस बघते. सोळा वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचं बघणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले तेव्हा "मॅडम, तेवढं जरा तुम्हीच बघा" असं म्हणून सरांनी सर्व्हरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली, आणि ती तशीच राहिली. कपाट स्टोअरच्या मागे आहे, त्यात एक सर्व्हर, युपीएस आणि इंटरनेटवाल्यांचा डबा. सर्व्हरवर पोस्टफिक्स हे मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर आहे, ८५ मेलबॉक्स आहेत. चालू आहे ना, मग हात लावू नका, असाच आमचा कारभार होता. हे सगळं लिहितेय कारण जुलैमध्ये जे झालं तेव्हा मला एकही माणूस असा भेटला नाही की जो माझ्यासारखा, म्हणजे मुळात दुसरंच काम करणारा, आणि यातून गेलेला असेल.

११ जुलै २०२५, शुक्रवार. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शुक्रवार हा आमचा सोमवार. सकाळी साडेनऊला चाकणच्या एका कस्टमरकडून फोन आला की कोटेशन आलंच नाही, आज बाराला बंद करतोय. मी म्हटलं बुधवारीच पाठवलंय. मेल उघडला तर इनबॉक्समध्ये मेलर-डेमनच्या, म्हणजे मेल पोचला नाही असं सर्व्हरने आपोआप कळवलेल्या, परत आलेल्या मेलची रांगच रांग, आमचा कोटेशनचा मेल ५५४ ५.७.१ असा कोड लावून परत आलेला आणि खाली लिहिलेलं की तुमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर, ब्लॉकलिस्टमध्ये आहे. जंक मेल पाठवणाऱ्या सर्व्हरांची ही यादी, ती बघून बाकीचे त्यांचे मेल नाकारतात. पाचने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, चारने सुरू होणारा म्हणजे आत्ता नको नंतर ये, एवढं मला माहीत होतं. कोटेशन व्हॉट्सअपवर पाठवलं आणि सर्व्हरवर जाऊन रांगेतले मेल दाखवणारी मेलक्यू ही कमांड दिली. स्क्रीनवरून ओळी पळतच राहिल्या, थांबेचनात. शेवटची ओळ होती, ११४६० रिक्वेस्ट्स. म्हणजे अकरा हजार चारशे साठ मेल बाहेर जायची वाट बघत उभे.

माझे हातपाय गार पडले हे खरं. पण त्याहून वाईट म्हणजे मला हे सांगता येत नव्हतं की रोज तिथे किती असतात. शंभर? पाचशे? पाच वर्षांत मी तो आकडा कधी बघितलाच नव्हता. स्टोअरमध्ये मला झोपेतून उठवून विचारलं तरी कोणत्या बोल्टचा किती स्टॉक आहे ते सांगता येतं, आणि इथे काही नाही.

लॉग फाईल, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो ती नोंदवही, उघडली. पोस्टफिक्समध्ये पासवर्ड देऊन मेल पाठवला की लॉगमध्ये एसएएसएल युजरनेम म्हणून खात्याचं नाव येतं. बुधवारपासून हजारो ओळींवर एकच नाव, आमच्या स्टोअरचं जुनं खातं. कुणीतरी त्यातून जंक मेल सोडत होतं. ज्यांचं होतं ते २०२३ मध्ये सोडून गेले, खातं बंद करायचं राहिलं, आणि पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. तो मीच ठेवला होता. लॉगमधली पहिली संशयास्पद ओळ बुधवारी १८:१८ ची. म्हणजे संध्याकाळी सहा अठरा, ऑफिस सुटायच्या बारा मिनिटं आधी. आणि ते खातं ज्या कॉम्प्युटरवर अजून लावलेलं होतं त्यावर आमचा स्टोअरचा मुलगा बसतो, गेल्या वर्षीच आयटीआय करून लागलेला. मी कुणाला काही बोलले नाही, पण मनात आलं ते आलं.

पासवर्ड बदलला, तरी मेल जातच होते. इथे माझा अर्धा तास गेला. पासवर्ड बदलल्याने नवीन मेल आत यायचे थांबतात, जे आधीच रांगेत शिरलेत त्यांना पासवर्डशी काही देणंघेणं नसतं. पोस्टफिक्स मूळ सेटिंगला न पोचलेला मेल ५ दिवस ठेवतो आणि मधून मधून पुन्हा पाठवून बघतो, सुरुवातीला ३०० सेकंदांनी आणि मग वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत. म्हणून अशा वेळी पासवर्ड बदलल्यावर लगेच सगळी रांग होल्डवर टाकायची, पोस्टसुपर कमांडला छोटा एच लावून. होल्डमधला मेल हलत नाही, नंतर निवांत निवडता येतो. मला हे दुपारी साडेबाराला कळलं.

मग मी चूक केली ती सविस्तर सांगते. पाठवणाऱ्याच्या जागी त्या खात्याचा पत्ता आहे असे सगळे मेल काढून टाकले, ९१३७ निघाले. उरले २३२३. त्यात पाठवणाऱ्यांची नावं वेगवेगळी दिसत होती, म्हटलं हे आपल्या लोकांचे खरे मेल अडकलेत, बिचारे दोन दिवस वाट बघतायत. होल्ड काढला आणि सोडून दिले. खरे मेल त्यात फक्त ३७ होते हे नंतर कळलं. बाकीचे त्याच चोराने खोटे पत्ते टाकून पाठवलेले, कारण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता काहीही लिहिता येतो, आत शिरताना वापरलेलं खातं एकच असलं तरी. आमचे रोज अडकलेले मेल नऊ-दहा असतात. हा आकडा तेव्हा माहीत असता तर २३२३ आपले आहेत असं मला वाटलंच नसतं.

रात्री हिंजवडीत काम करणाऱ्या मावसभावाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, सर्ट-इनला कळवलंस का?" मला ते नावच नवीन. सर्ट-इन म्हणजे कॉम्प्युटरवरचे हल्ले बघणारी केंद्र सरकारची संस्था. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे असे प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे असतात, कंपन्यांनाही ते लागू आहे, आणि यादीत मेल सर्व्हरवरचा हल्ला स्पष्ट लिहिलेला आहे. सहा तास तर होऊन गेले होते. तरी १२ तारखेला शनिवारी सकाळी त्यांच्या फॉर्ममध्ये कंपनीचं नाव, आमचा आयपी, कधी सुरू झालं, कधी लक्षात आलं, काय उपाय केला असं सगळं भरून ईमेलने पाठवलं. आमच्या सर्व्हरवरून नाही, कारण तो कुठेच पोचत नव्हता, सरांच्या वैयक्तिक खात्यावरून. दोन दिवसांनी पोच आली, नंबरसकट. उशीर का झाला ते मी खरं तेच लिहिलं होतं. ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर आहे त्यांनी तो फॉर्म आजच डाउनलोड करून अर्धा भरून ठेवा, कंपनीचे तपशील काही बदलत नाहीत, आणि ऐनवेळी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, शोधत बसायला लागत नाही.

त्याच दिवशी ब्लॉकलिस्टमधून नाव काढायचा अर्ज केला. मुख्य लिस्टचा अर्ज फुकट असतो, त्यांच्या पानावर आपला आयपी टाकायचा, कारण वाचायचं, काय दुरुस्त केलं ते लिहायचं. संध्याकाळपर्यंत नाव निघालं. मी घरी जाऊन पहिल्यांदा नीट जेवले. आणि रविवारी १३ तारखेला दुपारी परत लिस्टमध्ये. ते सोडून दिलेले २३२३ मेल थोडे थोडे करून बाहेर जातच होते ना.

दुसऱ्या वेळेला अर्ज सोपा राहत नाही. त्यांनी विचारलं की गेल्या वेळी दुरुस्त केलं म्हणालात ते नेमकं काय केलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दरम्यान आणखी एका छोट्या लिस्टमध्ये आमचा आयपी सापडला, तिथे पैसे भरा म्हणजे लगेच काढतो असं होतं. सर भरायला तयार होते, इतकं काम अडलेलं. मावसभाऊ म्हणाला अजिबात भरू नका, पैसे मागणाऱ्या लिस्टा फारसं कुणी वापरत नाही, आणि जंक मेल जायचे थांबले की मुदतीने नाव आपोआप निघतं. नाही भरले, आणि ते आपोआपच निघालं.

सोमवारी १४ तारखेला बाणेरहून एक कन्सल्टंट बोलावले, दोन फेऱ्यांचे मिळून साडेपाच हजार घेतले. त्यांनी तासाभरात उरलेली रांग खातेवार निवडून साफ केली. पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा नाही, कोणत्या खात्याने आत शिरला ते बघायचं, मेलचा रांगेतला नंबर धरून लॉगमध्ये मागे जायचं. आणि त्यांनी पीएफलॉगसम नावाची स्क्रिप्ट चालवून दाखवली. ती पोस्टफिक्सचा लॉग वाचून दिवसाचा हिशोब काढते. रिसिव्ह्ड किती, डिलिव्हर्ड किती, डेफर्ड म्हणजे अडकलेले किती, बाउन्स म्हणजे कायमचे नाकारले गेलेले किती, आत न घेता आमच्या दारातून परत पाठवले किती. आमच्या बंदच्या गुरुवारी, १० जुलैला, डिलिव्हर्ड ३८९१२. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, कारखान्यात वॉचमनशिवाय कुणी नव्हतं.

मी त्यांना विचारलं की नॉर्मल गुरुवारी किती असतात. ते म्हणाले, ते तुम्ही सांगायचं मॅडम.

त्या वाक्याने मला काय करायचं ते कळलं. १५ जुलैपासून मी एक शंभर पानी वही केली, स्टोअरच्या स्टॉक रजिस्टरसारखीच आखलेली, आणि रोज सकाळी आल्यावर चहाच्या आधी सहा आकडे लिहायला लागले : आलेले, पोचवलेले, अडकलेले, बाउन्स, दारातून परत पाठवलेले, आणि त्या क्षणी रांगेत किती. पहिल्याच आठवड्यात अडले, कारण माझं डोकं स्टोअरचं. आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा जावक म्हणजे अखेरची शिल्लक, हे जुळलंच पाहिजे. इथे जुळेना. आलेले ६४०, पोचवलेले ९१०. माल आला त्यापेक्षा जास्त गेला कसा? दोन रात्री त्यावर घालवल्या. उत्तर असं की आलेला मेल एक असतो पण तो चाळीस जणांना असेल तर पोचवणं चाळीस वेळा मोजलं जातं. आत शिरताना पाकीट मोजतात, बाहेर पडताना पत्ते. शिवाय बाउन्सचं उत्तर सर्व्हर स्वतः तयार करतो, तो बाहेरून आलेलाच नसतो. आणि ज्यांच्याकडे व्हायरस तपासायचा फिल्टर मध्ये बसवलेला असतो त्यांच्याकडे तोच मेल पोस्टफिक्समधून दोनदा जातो आणि दोनदा मोजला जाऊ शकतो. अडकलेल्यांचंही तसंच, अडकलेले मेल ९ पण कंसात प्रयत्न ६०, कारण एकच मेल सहा-सात वेळा जाऊन परत येतो. ते दोन आकडे वेगळे लिहा, मी आठवडाभर एकत्र लिहिले आणि ती पानं वाया गेली.

मावसभावाने यावर एक गोष्ट सांगितली ती मला फार उपयोगी पडली. मोठ्या कंपन्यांच्या काही मेल सर्व्हरमध्ये असे काउंटर आतच असतात, प्रत्येक मार्गासाठी वेगळे, आले किती, साठले किती, गेले किती. त्यासाठी मार्च २००० मध्ये आरएफसी २७८९ नावाचं एक प्रमाणही निघालं. पण ते काउंटर पैशाच्या हिशोबासारखे अचूक असायला ठेवलेलेच नसतात, तब्येत कशी आहे ते कळायला असतात. अचूक हिशोब हवा तर लॉग. पोस्टफिक्समध्ये असे काउंटर नाहीत, लॉगमधूनच मोजायचं. तेव्हा ताळा जुळवायचा नाद सोडून मी कालच्याशी आज ताडून बघायला लागले.

१६ तारखेला तासवार तक्ता बघत होते. पीएफलॉगसम दिवसाचे चोवीस तासही दाखवते. सगळ्यात जास्त मेल ०४०० ते ०५०० मध्ये. पहाटे चार वाजता आमच्याकडून दोनशे मेल? म्हटलं चोर परत आला. मावसभावाला रात्री अकराला उठवलं. त्याने सर्व्हरवर डेट कमांड द्यायला लावली आणि म्हणाला, "ताई, घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर आहे तुमचं. साडेपाच तास मिळव." पहाटे साडेचार म्हणजे आपले सकाळचे दहा, आमचं सगळं ऑफिस मेल पाठवतं ती वेळ. मी सुटकेचा श्वास सोडला आणि मग एकदम लक्षात आलं. १८:१८ मध्ये साडेपाच मिळवले की २३:४८. बुधवारी रात्री पावणेबारा. ऑफिसला कुलूप होतं. आणि त्याच ओळीवरचा आयपी त्याने बघितला तर तो भारतातलाही नव्हता. पाच दिवस मी त्या मुलाकडे संशयाने बघत होते, त्याला बिलं फाईल करायला दुसऱ्या टेबलावर बसवलं होतं. त्याला काही माहीत नव्हतं तरी शुक्रवारी मी त्याला बोलावून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, मला वाटलं माझं काम आवडत नाही तुम्हाला.

सर्ट-इनला वेळ दुरुस्त करून १७ तारखेला पुन्हा मेल केला, आधीच्या पोचेचा नंबर टाकून. घड्याळ आता भारतीय वेळेवर आहे आणि सरकारी एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे बरोबर वेळ देणाऱ्या सर्व्हरशी जोडलेलं आहे, असं जोडणंही त्याच आदेशात आहे. त्यात लॉग १८० दिवस ठेवायलाही सांगितलंय. आमच्या सर्व्हरवर लॉग दर आठवड्याला बदलला जायचा आणि चारच जुने राहायचे, म्हणजे महिनाभर. हे लॉग बदलणाऱ्या लॉगरोटेटच्या फाईलमध्ये तो आकडा वाढवला आणि ३८०० रुपयांची एक डिस्क घेतली. तुमचं सेटिंग बघून घ्या, नाहीतर कुणी मार्चचं काही विचारलं तर दाखवायला काहीच नसतं.

१८ जुलैला मुख्य लिस्टमधून नाव निघालं. या वेळी अर्जात मी गोल गोल काही लिहिलं नव्हतं. कोणतं खातं, कधीपासून कधीपर्यंत, एकूण किती मेल गेले, रांगेत किती उरले होते आणि आता किती आहेत, पहिल्या वेळी काय चुकलं, सगळे आकडे दिले. तीन दिवसांच्या वहीतले आकडेसुद्धा.

रिव्हर्स डीएनएसचं, म्हणजे आयपी नंबरवरून सर्व्हरचं नाव दाखवणाऱ्या नोंदीचं, काम मात्र लांबलं. आमच्या आयपीचं उलटं नाव इंटरनेट कंपनीने दिलेलं कसलंतरी लांबलचक होतं, आमच्या डोमेनचं नव्हतं, आणि असा सर्व्हर दिसला की समोरचा आधीच नाक मुरडतो. हे नाव आपण बदलू शकत नाही, आयपी ज्यांचा त्यांनीच बदलायचं. १४ तारखेला तक्रार नंबर घेतला. १६ ला उत्तर, लेटरहेडवर अर्ज द्या. दिला. १८ ला उत्तर, सही अधिकृत व्यक्तीची हवी, सोबत जीएसटी सर्टिफिकेट. दिलं. २१ ला उत्तर, स्कॅनमध्ये शिक्का दिसत नाही. शेवटी मूळ कागद १४० रुपयांच्या कुरिअरने पाठवला आणि २३ ला झालं. पहिल्याच अर्जाला लेटरहेड, सही, शिक्का, जीएसटी, आयपी नंबर आणि हवं ते नाव अक्षरशः टाईप करून लावलं असतं तर आठवडा वाचला असता. मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे समोरच्याला तपासता यावं म्हणून असतं ते एसपीएफ आणि डीकेआयएम आमच्याकडे आधीपासून होतं, त्याचा या प्रकारात काहीच उपयोग झाला नाही, कारण मेल खरोखरच आमच्या सर्व्हरवरून, आमच्या खात्यातून, आमच्या सहीनिशी गेले होते.

वही भरत गेली तसं आमच्या कारखान्याचं एक वेगळंच चित्र दिसायला लागलं, आणि मला त्याची गोडी लागली. कामाच्या दिवशी आलेले सहाशे ते सातशे. गुरुवारी सत्तर. महिन्याच्या १ ते १० तारखेला वाढ, कारण जीएसटीआर-१ ची तारीख ११, सगळ्यांना बिलं जुळवायची असतात. पगाराच्या स्लिपा गेल्या की पोचवलेले एकदम ८५ ने वर. अडकलेले शून्य कधीच नसतात, आणि शून्य असायलाच हवेत असंही नाही. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दाम परत पाठवतात, त्याला ग्रेलिस्टिंग म्हणतात, थोड्या वेळाने गेलं की घेतात. नऊ-दहा अडकलेले ही आमची तब्येत ठीक असल्याची खूण आहे.

क्यूशेप ही कमांड मला त्यात सगळ्यात आवडली. ती रांगेचा तक्ता देते, आडव्या ओळीत समोरचं डोमेन आणि उभ्या खणांत मेल किती मिनिटं अडकलाय ते, ५, १०, २०, ४० असं दुप्पट होत जाणारं. आकडे डावीकडे असतील तर आत्ताचे आहेत, जातील. उजवीकडे सरकले असतील तर जुने अडकलेत. एकाच डोमेनची ओळ जाड असेल तर दुखणं त्यांच्याकडे. सगळ्याच ओळी जाड असतील तर आपल्याकडे.

ऑगस्टमध्ये मावसभाऊ दोन गुरुवार येऊन बसला, त्याला फक्त जेवण घातलं. त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती दर पाच मिनिटांनी लॉगमधल्या ओळी मोजून आरआरडीटूल या आकडे साठवून आलेख करणाऱ्या प्रोग्रॅमला देते आणि आलेख काढते. दोन-तीन दिवस छान चालला. रविवारी पहाटे लॉग बदलला आणि सकाळी आलेख बघते तर एक सुळका, सेकंदाला १ कोटी ४३ लाख मेल. बाकी सगळा आलेख त्याच्या पायाशी चपटा होऊन दिसेनासा झालेला. झालं असं की नवी लॉग फाईल सुरू झाल्यावर आमची मोजणी ५२१० वरून ३ वर आली. काउंटर प्रकार निवडला की आरआरडीटूल समजतं की काउंटर कधी कमी होत नाही, कमी दिसला म्हणजे ३२ बिटांची हद्द, ४२९ कोटींच्या वरची, ओलांडून फिरून आला. म्हणून ते मधले सगळे मेल झाले असंच धरतं. प्रकार बदलून डेराइव्ह केला आणि कमीत कमी शून्य अशी हद्द घातली, आता तिथे सुळक्याऐवजी छोटी फट दिसते. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद असली आणि युपीएस दमला की सर्व्हर परत चालू होताना पण अशी फट पडते, ती मी वहीत लिहून ठेवते म्हणजे नंतर घाबरायला होत नाही.

मग इशारा. प्रत्येक खात्याने तासाभरात किती पत्त्यांना पाठवलं ते मोजायचं, १५० च्या वर गेलं की माझ्या आणि मावसभावाच्या फोनवर टेलिग्राम मेसेज. १५० हा आकडा वहीतून काढला, आमच्याकडे सर्वात जास्त पाठवणारं मार्केटिंगचं खातंही तासाला ९० च्या वर जात नाही. एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा, मेल सर्व्हरचा इशारा त्याच मेल सर्व्हरवरून मेलने पाठवू नका. रांग तुंबली असेल तर इशाराही त्याच रांगेत शेवटी उभा राहतो.

६ ऑगस्टला चाकणच्या कस्टमरने आम्हाला त्यांच्या स्वतःच्या ब्लॉक केलेल्यांच्या यादीतून काढलं. ब्लॉकलिस्टमधून सुटलं की सगळीकडून सुटलं असं नसतं हे मला माहीत नव्हतं. मोठ्या कंपन्या आपली आपली वेगळी यादी ठेवतात. त्यांच्या आयटीला व्हेंडर डिक्लरेशन भरून द्यायचं होतं, दोनदा दिलं, आणि तोपर्यंत जवळजवळ महिनाभर दर कोटेशन प्रिंट काढून मोटारसायकलवर चाकणला जात होतं. तो स्टोअरचा मुलगाच नेत होता.

पहिला इशारा वाजला २५ ऑगस्टला दुपारी. गणपतीच्या दोन दिवस आधी. मी जेवणाचा डबा तसाच टाकून कपाटाकडे पळाले. एचआरने कारखान्यातल्या आरतीचं आमंत्रण सगळ्या सप्लायरांना एकदम पाठवलं होतं, ३१० पत्ते. आता जास्त लोकांना पाठवायचं असेल तर आधी मला सांगतात, आणि मी वहीत समासात लिहिते.

दुसरा १९ सप्टेंबरला, शुक्रवारी रात्री ११:२० ला. या वेळी आमंत्रण नव्हतं. मार्केटिंगच्या एका मुलीने त्या दिवशी एका खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड टाकला होता. घरूनच खातं बंद केलं, मग सगळी रांग होल्ड, मग खातेवार निवड, या वेळी पत्ता न बघता. त्या खात्याचे १६३ निघाले. रोजचे ११ बाजूला राहिले आणि ते मी एकेक उघडून बघितल्याशिवाय सोडले नाहीत. सर्ट-इनचा फॉर्म रात्री पावणेदोनला गेला. सकाळी चार ठिकाणी आयपी तपासला, कुठेच नव्हता. ती मुलगी रडत होती, तिला मी माझ्या १२३ वाल्या पासवर्डची गोष्ट सांगितली.

सप्टेंबरपासून वही मी त्या स्टोअरच्या मुलाला शिकवायला घेतली होती. दिवाळीला कारखाना २० ते २३ बंद होता आणि मी माहेरी वाईला २७ पर्यंत रजा टाकली होती, पाच वर्षांत पहिल्यांदा लॅपटॉप न घेता गेले. २४ ऑक्टोबरला सकाळी पावणेनऊला त्याचा फोन आला.

"मॅडम, अडकलेले ४७ आहेत. रोज नऊ-दहा असतात."

मी उठून बसले. म्हटलं क्यूशेप बघितलंस का.

"बघितलं. एकाच डोमेनची ओळ जाड आहे, बाकी नेहमीसारखं. खातेवार पण बघितलं, कुणाचंच वाढलेलं नाही. त्यांच्याकडे फोन केला तर ते म्हणतायत दिवाळीत त्यांचा सर्व्हर बंद होता, दुपारपर्यंत चालू करतायत. काही काढत नाही मी, तसेच ठेवतो."

दुपारी एक वाजता त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अडकलेले ८. समासात त्याच्या अक्षरात वेळ, कस्टमरचं नाव आणि कारण.